मंडळी बदलली, रजिस्टर तिथंच राहिलं

चर्च बदलायला खरं तर काहीच लागत नाही. रविवारी सकाळी गाडी जिथं डावीकडं वळवायचो तिथं सरळ न्यायची, संपला विषय. कुणी अडवत नाही, कुणी विचारत नाही, तुमचं नाव जुन्या रजिस्टरमध्ये आहे तसं राहतं आणि तुम्ही दुसरीकडं टाळ्या वाजवत उभे असता. कागद लागतात ते नंतर, म्हणजे घरात लग्न निघालं की, नाहीतर मयत झाली की, नाहीतर लेकराला बाप्तिस्मा द्यायचा असला की. आमच्यात हे सगळं थोड्याफार अंतरानं बघून झालं म्हणून लिहितोय. मंडळी म्हणजे आमच्यात चर्च आणि त्याची माणसं; त्या मंडळ्यांची नावं घेणार नाही, दोन्हीकडची माणसं कपिलतीर्थ मार्केटात भाजी घेताना भेटतात आणि मला भाजी निवांत घ्यायची असते.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे, शिक्षण आयटीआय, धर्मशास्त्र वगैरे काही शिकलेलो नाही. घरात आई, बायको, पोरगा, आणि धाकटी बहीण जी नर्स आहे. पप्पा गेले. चार पिढ्या आम्ही ख्रिस्ती, आणि मंडळी कोणती तर जुनी मिशनची, प्रेस्बिटेरियन वळणाची, म्हणजे निवडलेले वडील कारभार बघतात तो प्रोटेस्टंट पंथ. आता आम्ही प्रेस्बिटेरियन का, तर पणजोबांनी ह्या पंथाचा मूळ धर्मशास्त्री कॅल्विन वाचला होता म्हणून नव्हे. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, शाळा काढल्या, आणि पुढं १८७० मध्ये हे काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन बोर्डाकडं, म्हणजे मिशनरी पाठवणाऱ्या संस्थेकडं गेलं. मिशनांनी तेव्हा आपापले भाग वाटून घेतलेले, एकाच्या भागात दुसऱ्यानं शक्यतो हात घालायचा नाही असा समझोता, त्यामुळं कोल्हापूर-मिरजेकडचा माणूस प्रेस्बिटेरियन झाला, नगर-सोलापूरकडचा अमेरिकन मराठी मिशनचा म्हणजे काँग्रिगेशनल पंथाचा, आणि अकोला-खानदेशाकडचा अलायन्स नावाच्या मिशनचा. पणजोबा पन्हाळ्याच्या ऐवजी नेवाश्याला जन्मले असते तर आम्ही छातीठोकपणे दुसरंच काहीतरी सांगत बसलो असतो. आणि गंमत बघा, वाइल्डर साहेबांचं स्वतःचं पण आधीच्या बोर्डाशी बिनसलेलं, काही वर्षं ते इथं स्वतंत्रच काम करत होते आणि मग प्रेस्बिटेरियनांकडं आले, म्हणजे मंडळी बदलायची सुरुवात आमच्याकडं मंडळी काढणाऱ्यापासूनच आहे. हे मी एकदा चर्चच्या कमिटीच्या सेक्रेटरींना बोललो तर ते हसले नाहीत.

आम्ही बाहेर कसे पडलो ते सांगतो. पप्पांना किडनीचं निघालं, डायलिसिस सुरू झालं. आमचे तेव्हाचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, माणूस वाईट नव्हते, पण शहरातली मंडळी आणि वरनं खेड्यातल्या मंडळ्या एकट्याच्या गळ्यात, शिवाय त्याच सुमाराला कमिटीच्या निवडणुकीवरनं दोन गट पडलेले आणि मॅटर कोर्टात. पाळकसाहेबांचा अर्धा जीव वकिलाकडं. ते एकदा आले, स्तोत्र २३ वाचलं, प्रार्थना केली, गेले. पप्पांच्या शेजारच्या बेडवर एक पेशंट होता, त्याला भेटायला एका फेलोशिपचे, म्हणजे एका छोट्या स्वतंत्र मंडळीचे, ब्रदर यायचे. ते आधी त्याच्यासाठी प्रार्थना करायचे, मग पप्पांकडं वळून "काका, तुमच्यासाठी करू का?" असं विचारायचे. विचारायचे, हे महत्त्वाचं. मग डबा यायला लागला, मग डायलिसिसच्या दिवशी सकाळी रिक्षा दारात उभी, भाडं विचारलं तर "असू दे की दादा". रक्त लागलं तेव्हा त्यांची पोरं कामावरनं सुट्टी टाकून आली. आमच्या मंडळीचा ग्रुप होता व्हॉट्सॲपवर, त्यावर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली होती.

पप्पा गेले तेव्हा क्रियाकर्म जुन्या मंडळीनंच केलं, दफनभूमी त्यांचीच, आजोबांच्या शेजारी जागा, सगळं रीतसर आणि चांगलं. पण त्यानंतर घरी आईजवळ येऊन बसणारी माणसं फेलोशिपची होती. दर गुरुवारी घरात प्रार्थना सुरू झाली, मग "रविवारी एकदा येऊन तर बघा" झालं, आणि मग आम्ही तिथलेच झालो. कुठल्याही दिवशी बसून असं ठरवलेलं नाही.

मी तेव्हापासनं हे बघत आलोय, कुणालाही विचारा चर्च का सोडलं, आधी तो वचन सांगेल, अभिषेक सांगेल, "तिथं आत्मा नाही" म्हणेल, पण चहा संपेपर्यंत बोलत बसलात तर शेवटी एक माणूस निघतो. आजारपणात आलेला नाहीतर न आलेला. नाहीतर पोराचं नाव क्वायरमधनं काढणारा. नाहीतर कापणीच्या सणाला लिलावात आपण आणलेला भोपळा शेवटी ठेवणारा, हसू नका, आमच्याकडं एक अख्खं घर भोपळ्यावरनं गेलंय. कापणीच्या सणाला लोक शेतातलं, परसातलं वेदीसमोर आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो, दहाची वस्तू पाचशेला जाते, पैसे मंडळीला, आणि कुणाच्या वस्तूवर किती बोली लागली हे पुढचं वर्षभर लक्षात राहतं. तरुण पोरं मात्र गाण्यासाठी जातात हे खरंय. आमच्या जुन्या चर्चला लाकडी बोर्डावर गीतांचे नंबर लावतात, पेटी-तबला, नारायण वामन टिळकांची पदं, मला स्वतःला ती अजून आवडतात, पण पोराला कीबोर्ड, ड्रमसेट आणि पडद्यावर शब्द पाहिजेत. त्यात २०२० ला कोरोनानं चर्च बंद पडली आणि घरोघरी मोबाईलवर उपासना सुरू झाल्या, मग काय, आपल्या पाळकांचा व्हिडिओ अडकत अडकत चाललाय आणि खालीच चेन्नईच्या, मुंबईच्या मोठ्या प्रचारकांचे चकाचक व्हिडिओ, माणूस एकदा तिकडं गेला तो लॉकडाऊन उठल्यावर पण परत आला नाही.

शिकवण पटली म्हणून गेलेला माझ्या बघण्यात एकच, माझा चुलतभाऊ. तो शनिवारवाल्यांत गेला, ॲडव्हेंटिस्टांत. खरंच वाचून गेला, दहा आज्ञांत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, सातवा लिहिलाय मग तुम्ही रविवार कुठनं आणला असं विचारतो आणि पटकन उत्तर देता येत नाही. पण आता त्याला शनिवारी कुठल्या कार्यक्रमाला बोलवता येत नाही, डुक्कर तर नाहीच, चहा पण बंद, आणि पोराला पुण्याला त्यांच्याच पंथाच्या स्पायसरला शिकायला घालायचं म्हणतोय. काकू म्हणतात, "पोरगं बिघडलं असतं तर समजावलं असतं, हे तर सुधारलंय, काय बोलायचं ह्याला."

फेलोशिप म्हणजे उचगावच्या बाजूला एका हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल. जुन्या चर्चला आम्ही "सलाम पाळकसाहेब" म्हणायचो, इथं "प्रेझ द लॉर्ड पास्टर". प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन मोठे स्पीकर, आणि उपासना अडीच-तीन तास. साक्षी व्हायच्या. एकजण उभा राहून सांगायचा की दारू सुटली, आणि मागं बसलेली त्याची बायको मान हलवायची म्हणजे खरंच सुटलेली असायची. अन्य भाषेत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेनं कुणाला न कळणाऱ्या भाषेत, प्रार्थना सुरू झाली की आई पहिले काही महिने माझा हात धरून बसायची. जुन्या चर्चची माणसं ह्याला "हल्लीचं अमेरिकन फॅड" म्हणतात तेव्हा मला बोलावंसं वाटतं, कारण पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली असंच मोठं संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृतीची लाट, झालं होतं, मुली रात्र-रात्र प्रार्थना करत होत्या, आणि पेंटेकॉस्टलांची, म्हणजे अशी आत्म्याची प्रार्थना करणाऱ्या पंथाची, ती सुप्रसिद्ध अमेरिकेतली अझुसा स्ट्रीटची सभा १९०६ ची, म्हणजे आपलं पुणे जिल्ह्यातलं त्याच्या आधीचं. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडात अँग्लिकन पद्धतीनं झाला पण तिथल्या सिस्टरांशी, म्हणजे मठातल्या जोगिणींशी, शिकवणीवरनं त्यांनी पत्रांतून चांगली वादावादी केली आणि केडगावचं काम कुठल्या एका पंथाला बांधलं नाही. नारायण वामन टिळकांनी तर अमेरिकन मिशनचं काम सोडून १९१७ मध्ये "देवाचा दरबार" काढला, बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले दोन्ही चालतील म्हणाले. ज्यांची पदं आपण चर्चमध्ये डोळे मिटून म्हणतो तो माणूस स्वतः चर्चच्या चौकटीत बसला नाही. मग आमच्यासारख्या शिरोलीच्या कामगाराला "पळपुटा" कशाला म्हणायचं?

बरं, तर पुढं आला पाण्याचा बाप्तिस्मा. फेलोशिपचं म्हणणं असं की बाळपणी डोक्यावर पाणी शिंपडलं तो बाप्तिस्मा नव्हेच, बाळाला काय कळतं, विश्वास धरून पूर्ण बुडवून घेतला तोच खरा. तो घेतल्याशिवाय सभासद नाही, प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षरस घ्यायचा विधी, तो पण नाही. वडणग्याच्या बाजूला एका ब्रदरांचं शेततळं होतं, तिथं मी, बायको आणि धाकटीनं घेतला. आई काठावर छत्री धरून उभी. पास्टर म्हणाले, "आई, तुम्ही पण या." आई म्हणाली, "मला माझ्या आईबापानं दिलाय एकदा. परत परत घ्यायला ते काय धुणं हाय?" पास्टर चांगला माणूस, हसले आणि सोडून दिलं. पण ती त्यांच्या नोंदीत शेवटपर्यंत "येणारी" राहिली, सभासद झाली नाही, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं ताट तिच्या पुढनं जायचं. पन्नास वर्षं प्रभुभोजन घेतलेली बाई. तेव्हा ती काही बोलली नाही पण मला ते ताट पुढं जाताना दिसायचं.

पहिला झटका बसला तो मयतीला. आमच्या फेलोशिपमधली एक आजी वारली, मूळची जुन्या मंडळीतली, पण सोडून बरीच वर्षं झालेली. उन्हाळ्याचे दिवस, घर लहान, मंडपात माणसं. दफन कुठं करायचं? फेलोशिपकडं जागा नाही, भाड्याच्या हॉलला कुठली दफनभूमी, शहरातल्या जागा जुन्या मंडळ्यांच्या ताब्यातल्या. आजीचा पोरगा गेटवर गेला तर तिथला माणूस म्हणतो कमिटीचं पत्र आणा. सेक्रेटरी कामावर, अध्यक्ष फोन उचलेनात, पाळकसाहेब खेड्यावर गेलेले. आम्ही गेटबाहेर उभे. एक पोरगा चिडून म्हणाला, "नदीवर न्या की मग, लोक नेतातच," आणि त्याची आई त्याच्याकडं अशी बघितली की तो गपगार. शेवटी जुन्या रजिस्टरमध्ये आजीच्या नवऱ्याचं नाव निघालं आणि त्याच्या जोरावर परवानगी मिळाली, पण अट अशी की विधी जुन्या मंडळीचे पाळक करतील. आमचे पास्टर, जे आजीच्या शेवटच्या आठवड्यात रोज तिच्या उशाशी होते, ते कबरीपासनं लांब, चपला काढून, गर्दीत उभे. माती टाकायला मात्र पुढं आले, त्याला कुणी हरकत घेतली नाही.

आणि मग धाकटीचं लग्न ठरलं. मुलगा नगरकडचा, मस्कतला नोकरीला, आणि त्याच्या आईचं एकच, चर्चमध्ये लागलं पाहिजे, वेदीसमोर, आणि लग्नाचं सर्टिफिकेट पक्कं पाहिजे कारण पोरीचा व्हिसा करायचाय. मी सरळ आमच्या पास्टरांकडं गेलो. तेव्हा कळलं की त्यांच्याकडं लग्न लावायचा परवानाच नाही. १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा आहे, अजून तोच चालू आहे, त्यात लिहिलंय लग्न कोण लावू शकतो ते: बिशपकडनं रीतसर दीक्षा झालेला, सरकारनं परवाना दिलेला पाळक, नाहीतर मॅरेज रजिस्ट्रार, अशी मोजकीच माणसं. अधिकार नसताना लग्न लावलं तर कलम ६८ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सहसा वेळ पण सकाळी ६ ते संध्याकाळी ७ ची, त्यामुळं रात्रीची लग्नं आमच्यात तुम्हाला दिसणार नाहीत.

फेलोशिपमधल्या एकानं सांगितलं, अहो हॉलमध्ये प्रार्थनेनं लावू आणि नोटरीकडं ॲफिडेव्हिट करू, आमच्या भावाचं तसंच केलं. नोटरीच्या ॲफिडेव्हिटला लग्नाचा पुरावा म्हणून कुणी विचारत नाही, त्या भावाची बायको पासपोर्टवर नाव लावायला अजून फिरतेय. दुसरा रस्ता रजिस्टर्ड लग्नाचा, १९५४ च्या स्पेशल मॅरेज ॲक्टखाली, ३० दिवसांची नोटीस लावायची आणि मग सही. तो कायदेशीर आणि सरळ आहे, मी तर म्हणेन भांडणाच्या घरात तोच बरा. पण मुलाच्या आईनं फोनवर जे ऐकवलं त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. मग राहिलं काय, जुनी मंडळी.

पहिल्यांदा गेलो तेव्हा पाळकसाहेब नवीन होते, बदली होऊन आलेले, त्यामुळं जुना राग त्यांच्याकडं नव्हता. त्यांनी कपाट उघडून रजिस्टर काढलं. कापडी बांधणीचं, कडा कुरतडलेलं, नाव, जन्म, बाप्तिस्मा, प्रभुभोजनात प्रवेश, लग्न, आणि शेवटचा रकाना शेरा. पप्पांचं नाव निळ्या शाईत आणि शेऱ्यात लाल पेननं "प्रभूत निजले", तारीख. खाली आईचं, माझं, धाकटीचं. माझ्या आणि धाकटीच्या पुढं शेऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं, "येत नाहीत". मी सेक्रेटरींना विचारलं पेन्सिलीनं का, तर म्हणाले, "खोडता यावं म्हणून. पेननं लिहिलं की वरनं विचारतात."

तर नाव काढलेलं नव्हतं. पण लग्न लावायचं म्हणजे सभासदत्व चालू पाहिजे, म्हणजे थकलेली वर्गणी भरायची, आणि आम्ही परत येतोय असा लेखी अर्ज, आणि फेलोशिपचं पत्र. वर्गणी भरली, पावती घेतली, त्यात काही वाद नाही. पत्रावरनं घोळ झाला. फेलोशिपच्या पास्टरांनी आपल्या ट्रस्टच्या लेटरहेडवर छान लिहून दिलं की हे कुटुंब विश्वासात स्थिर आहे वगैरे. कमिटीतला एक म्हणाला, आपण ह्यांना मंडळी म्हणून मानतच नाही तर ह्यांचं पत्र कसं घ्यायचं? दुसरा म्हणाला, मग मागितलं कशाला? अर्धा तास ह्यावर गेला. शेवटी पत्र "माहितीसाठी" म्हणून फाईलला लागलं.

खरा प्रश्न नंतर आला. सेक्रेटरींनी धाकटीला विचारलं, "बाई, तू परत बाप्तिस्मा घेतलास का?" ती नर्स आहे, आयसीयूत काम करते, सेक्रेटरींना घाबरायची नाही. म्हणाली, "घेतला. आणि पहिला काय मोडला नाही मी." मग कमिटीत जे सुरू झालं ते ऐकण्यासारखं होतं. एक निवृत्त मास्तर, त्यांनी इफिसकरांस पत्र काढलं, चौथा अध्याय, "एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा", म्हणून दुसऱ्यांदा घेतला तो पहिल्याचा अपमान. त्यांच्यासमोरचे बँकेतले गृहस्थ म्हणाले, मग प्रेषितांची कृत्ये १९ वाचा, पौलानं तिथं योहानाचा बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांना परत बाप्तिस्मा दिलाय, आणि ते पण इफिसमध्येच. मास्तर म्हणाले, तो योहानाचा होता, हिचा तर त्रैक्याच्या, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ह्यांच्या नावानं झालेला. दोघंही तयारीचे. पाळकसाहेबांनी मग सांगितलं की १९७० ला नागपुरात सहा चर्चची युती होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा बाळबाप्तिस्मा आणि समजत्या वयातला बाप्तिस्मा दोन्ही मान्य केले होते, त्यात समजत्या वयातलाच बाप्तिस्मा मानणारे बॅप्टिस्ट होते, ब्रदरन होते, म्हणजे ह्या प्रश्नावर डोकं फोडून झालेलं आहे, फक्त एकाच माणसानं दोन्ही घ्यायचे नाहीत एवढंच अवघड जागेचं दुखणं राहिलं. मग म्हणाले, पोरीनं दुसरा घेतला, आता तो काढून तर घेता येत नाही. त्यावर सगळे गप्प. धाकटीनं लिहून दिलं की तिचा बाळपणीचा बाप्तिस्मा ती मानते. मी पण दिलं. आईनं काहीच लिहून दिलं नाही कारण आईचं काहीच राहिलेलं नव्हतं, ती खुर्चीत सरळ बसून सगळ्यांकडं बघत होती.

मग ओळीनं तीन रविवार आमच्या चर्चमध्ये आणि तिकडं नगरकडं लग्नाची सूचना वाचली गेली, कुणाची हरकत असल्यास कळवावी. तेवढे आठवडे मी पोटात गोळा घेऊन बसलेलो, कारण जुन्या दोन गटांतला एखादा उठायचा. कुणी उठलं नाही.

फेलोशिपकडनं मात्र दुखावलं गेलं. ग्रुपवर कुणीतरी लूक ९:६२ टाकलं, नांगराला हात घालून मागं बघणारा देवाच्या राज्याच्या उपयोगाचा नाही. नाव कुणाचं नव्हतं पण त्या आठवड्यात नांगर धरलेला मीच होतो. पास्टर स्वतः घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "दादा, लग्न तिकडं लावा, मला काही नाही. पण लोक आमच्याकडं आजारी पडल्यावर येतात आणि लग्नाला तिकडं जातात." ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि अजून नाही. त्यांचं गणित वेगळं आहे हे लोकांना कळत नाही, जुन्या मंडळीच्या पाळकाला पगार आहे, घर आहे, ह्यांचं सगळं रविवारच्या अर्पणावर आणि दशांशावर, म्हणजे लोक कमाईचा दहावा हिस्सा देतात त्यावर, दोन-तीन घरं हलली की हॉलचं भाडं थकतं. म्हणून मग काही फेलोशिपवाले दुसऱ्याच्या मंडळीतली माणसं ओढायच्या मागं असतात आणि जुन्या चर्चवाले त्याला मेंढरं चोरणं म्हणतात. चोरणं म्हणायला मेंढराला आधी कुणी बघायला तर गेलं पाहिजे.

लग्न झालं, चांगलं झालं. जेवणात तांबडा-पांढरा, नगरच्या पाहुण्यांना तांबडा झेपला नाही, पांढऱ्यावर भागवलं. फेलोशिपच्या पास्टरांना वेदीवर बोलवा म्हणून मी विनंती केली होती, ती कमिटीनं मानली नाही, मग हॉलवर रिसेप्शनला त्यांनी प्रार्थना केली, माईक त्यांनी हातात घेतल्यावर मास्तर उठून पाणी प्यायला गेले. पण २०१९ च्या महापुरात हेच मास्तर आणि ह्याच फेलोशिपची पोरं एका चुलीवर खिचडी करत होती, पंचगंगा उतरली आणि परत आपापल्या जागी.

आता आमचं असं चाललंय की रविवारी सकाळी जुन्या मंडळीत, गुरुवारी घरात फेलोशिपवाले. दोन्हीकडं हे माहीत आहे, दोन्हीकडं पसंत नाही. पैशाचं मी सरळ सांगितलंय, वर्गणी तिकडं आणि हॉलच्या भाड्याला जमेल तेवढं इकडं, दोन्हीकडं दशांश द्यायचा तर ते माझ्या पगारात बसत नाही. पोराला मधेच विचारलं की तू कुठल्या चर्चचा, तर म्हणाला, ज्याच्यात ड्रम आहे त्या. आई प्रभुभोजन घेऊन येते आणि गुरुवारी सगळ्यांना चहा करते. तिचं तिनं केव्हाच लावून घेतलंय.

परवा चुलतभावाचा फोन होता, शनिवारवाला. त्याच्या पोरीला स्थळ आलंय, मिरजेचं, आणि मुलाकडचे त्याच जुन्या वळणाचे. "दादा, काय काय लागतं रं?" मी म्हटलं, पहिलं म्हणजे पोरीचा बाळबाप्तिस्म्याचा दाखला शोध, नसला तर आत्ताच नक्कल मागून ठेव, मे महिन्यात पाळकांच्या बदल्या होतात आणि नवीन माणसाला रजिस्टर सापडायला दिवाळी उजाडते. वर्गणीची जुनी पावती असेल तर झेरॉक्स काढ. जो लग्न लावणार त्याच्या परवान्याचं तोंडी विचारू नको, कागद बघ. दफनभूमीचं पण विचारून ठेव म्हटलं तर चिडला, लग्नाचं विचारतोय आणि तू मयतीचं काय काढतोस म्हणून. मग म्हणाला, लग्न शनिवारी नको हां, बाकी कुठला पण वार चालेल. मी म्हटलं, हॉल तर शनिवारचाच मिळतोय, आता ते पाहुण्यांना तूच सांग.